धार आणि ओंजळ

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या बाई एरवी सकाळी आठला येतात, बेल वाजवतात आणि मी दार उघडेपर्यंत शेजारच्या दाराशी पोचलेल्याही असतात. त्या दिवशी कचऱ्याची गाडीच उशिरा आली, साडेअकरा वाजून गेले. दार उघडलं तर त्या समोर उभ्या. पदरानं कपाळ टिपत म्हणाल्या, "काकू, वाईच पाणी देता का?"

"देते की," म्हणत मी आत वळले. ओट्यावर माठ, शेजारच्या मांडणीत स्टीलचे पेले पालथे घातलेले. हात पेल्यांकडे गेला नाही. तो सिंकखालच्या कप्प्यात गेला. प्रवासात विकत घेतलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मी तिथं जपून ठेवते, कधी लागतील म्हणून. त्यांतली एक विसळली, माठातलं गार पाणी भरलं आणि दारात नेऊन दिली. वर म्हणाले, "बाटली राहू द्या तुमच्याकडेच. उन्हाची उपयोगी पडेल."

"बरं झालं बघा," म्हणून त्या हसल्या आणि जिना उतरून गेल्या. मलाही बरं वाटलं. दार लावून राहिलेली मेथी निवडायला बसले. चार काड्या निवडून होतात न होतात तोच आजी आठवली. आजीला जाऊन पन्नास वर्षं होत आली. चेहरा आता धूसर झालाय. आठवला तो तिचा उजवा हात. तांब्या धरलेला, खांद्याच्या वर उचललेला.

माणदेशाच्या कडेचं आमचं गाव. पाऊस नावाला, विहिरी खोल. मी सहा-सात वर्षांची असेन, म्हणजे साठीच्या दशकाची सुरुवात. दिवेलागणीला येसकर यायचा, आणि त्याच्या आधी त्याच्या काठीची घुंगरं यायची. वाड्याला सात पायऱ्या. तो सातवीच्याही खाली, मातीत थांबायचा. आजी भाकरी आणायची, तिच्यावर चटणीचा गोळा. ती त्याच्या फडक्यात वरून सोडायची. मग तांब्या. तो वाकून ओंजळ धरायचा, मनगटाशी ओठ न्यायचा, आणि आजी वरून धार सोडायची.

त्या धारेत कसब होतं. जाड सोडली तर शिंतोडे उडतात, आणि शिंतोडा उलटा अंगावर आला की पुन्हा अंघोळ. बारीक सोडली तर वाऱ्यानं फाटते. आजीची धार सुतासारखी सरळ, थेंब इकडचा तिकडं नाही. मावळतीचं ऊन तिच्यातून आरपार जायचं. मला ती फार सुंदर वाटायची. हे लिहिताना संकोच होतो, पण वाटायची हे खरं. मी आणि माझी धाकटी बहीण परसात तोच खेळ खेळायचो. एकीनं तांब्या धरायचा, दुसरीनं ओंजळ. ओंजळ धरायची पाळी दोघींनाही नको असायची.

आजी दुष्ट असती तर हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं. येसकराला तिनं शिळी भाकरी कधी घातली नाही. त्याच्या नातवाला गोवर आला तेव्हा खडीसाखर आणि मनुकांची पुडी दिली होती. पायरीवर ठेवून ती मागं सरली, मग त्यानं उचलली. तो वारला त्या रात्री ती जेवली नाही. माया होती आणि हातभर अंतरही होतं, आणि त्या दोहोंचं एकमेकांशी काही भांडण आहे असं आमच्या वाड्यात कुणाला वाटत नव्हतं. तो आजीहून वयानं मोठा. मी मात्र त्याला "ए येसकर" म्हणायचे आणि तो "जी" म्हणायचा. कुणी मला टोकलं नाही.

येसकराचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. १९५८ साली कायदा होऊन गावकीची वतनं गेली होती, पण म्हाताऱ्याच्या पायांना दिवेलागणीची सवय होती. मुलगा सुट्टीला आला की बापाची घुंगूरकाठी लपवून ठेवायचा, असं आम्ही ऐकायचो. त्या पंधरा दिवसांत घुंगरं वाजायची नाहीत. आजी उंबऱ्याशी यायची, अंधाराकडं बघायची आणि भाकरी झाकून ठेवायची. काठी का लपवली, हे तिला कळत नव्हतं. मलाही ते कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

शिवाशिवीचं शास्त्र मला कुणी बसवून शिकवलं नाही. हाताकडं बघून हात शिकला. आजीनं हातभर अंतर राखून पाणी घातलं. साठ वर्षांनी मी तेच अंतर बाटलीत भरलं आणि बूच लावून दिलं. वर दानाचं समाधानही मिळवलं.

जुन्या मराठी मुलखात गावाला दोन रंग असत. पिकाची जमीन काळी, वस्तीची पांढरी. पांढरीला कूस, म्हणजे तटाची भिंत, आणि कुसाला वेस. वेशीच्या आत आळ्या, देवळं, चावडी. बाहेर महारवाडा, मांगवाडा. येसकर हा शब्दही वेशीवरूनच आलेला: वेस राखणारा तो येसकर. रात्री वेस लावायची आणि पहाटे उघडायची हे काम त्याचं, आणि त्याचं स्वतःचं बिऱ्हाड त्या वेशीबाहेर. दोन गावांत शिवेचा तंटा पेटला की साक्ष महाराची काढत. कुठल्या बांधाशी कुठला दगड, ओढा कुठून वळला, शीव कुठल्या बाभळीपाशी मोडते, हे त्याच्या पायांना पाठ. गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे ज्याला सगळ्यांत नीट ठाऊक, त्याला गावात घर नव्हतं.

भाषेनंही आपलं एक कूस घालून घेतलं. 'गाव तिथं महारवाडा' ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली. चांगल्याबरोबर वाईट असायचंच, असा अर्थ लिहून मी दोन गुण मिळवले. वर्गात वस्तीवरची तीन मुलं होती. त्यांनीही तोच अर्थ लिहिला असेल. त्यांनाही दोन गुण मिळाले असतील.

कुसाचा विषय निघाला की मला मंगळवेढं आठवतं. १३३८ साली तिथं गावकुसाचं काम चाललं होतं. त्या कामावर संत चोखोबा होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. नामदेवांनी ढिगारा उपसून त्यांच्या अस्थी शोधल्या, ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू येत होतं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली, असं वारकरी परंपरा सांगते. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना मी त्या बोलणाऱ्या हाडांपाशी थांबायचे. आता त्या भिंतीपाशी थांबते. जिनं आयुष्यभर बाहेर ठेवलं तीच बांधायची, आणि तिच्याखालीच जायचं. मेल्यावर जागा मिळाली तीही दाराच्या अलीकडं. त्यांच्या बायकोनं, सोयराबाईंनी, विटाळातूनच प्रत्येक देह जन्मतो तर सोवळा कोण, असं विठ्ठलालाच विचारलं. तो प्रश्न आपण टाळ-मृदंगाच्या तालात इतका गोड गायला की उत्तर द्यायचं राहून गेलं.

पुढं सहाशे वर्षं वारकरी त्या समाधीवर माथा टेकून आत जात राहिले. चोखोबांच्या जातीची माणसं समाधीपाशीच थांबत राहिली. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठं आत जायची वाट मोकळी झाली. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते.

देवळाशिवाय माणूस जगतो. पाण्याशिवाय जगत नाही. म्हणून या सगळ्या व्यवहाराची खरी नाडी पाणवठ्यावर सापडते. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद घरचा होता. मालकानं ठरवलं, झालं. गावाच्या पाण्याचं तसं नसतं. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं झाल्याचं ठरवलं. कागद झाला. तळ्यात एकही नवा हात बुडाला नाही. गुरं त्या पाण्यात उतरत होती, इतर धर्मांची माणसं ते भरत होती. अस्पृश्य मानलेली माणसं तेवढी काठावर.

२० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला आलेल्या लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. या प्रसंगाची चित्रं मी लहानपणापासून पाहिली होती, पण त्यातली मोठी गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. त्या ओंजळीवर धार नव्हती. ती खाली गेली आणि पाण्यातून स्वतः भरून वर आली. वर तांब्या धरणारा हात त्या चित्रात नाहीच. शेकडो वर्षं धारेखाली धरलेल्या ओंजळीला त्या दिवशी कुणाच्या उचललेल्या हाताची गरज उरली नाही. माझ्या आजीसारख्यांना खुपलं असेल ते हेच. पाणी प्याले याहून जास्त, ते दिल्याशिवाय प्याले.

मग तळ्याची 'शुद्धी' झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात सोडल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९३७च्या मार्चमध्ये. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं. एका गावातल्या एका तळ्यासाठी.

आमच्या गावचं कूस मी फक्त पडझडीतच पाहिलं. त्याच्या दगडांतून पुढं कुणी गोठे बांधले, कुणी बांध घातले. वेशीची कमान उरली. तिच्यावर आता शुभेच्छांचे फलक लागतात. १९७२चा दुष्काळ पडला आणि बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रभर हिंडू लागले. राज्यघटनेनं अस्पृश्यता रद्द करून तेव्हा बावीस वर्षं झाली होती, तरी विहिरी वेगळ्याच होत्या, म्हणून त्यांना हिंडावं लागलं. नंतर आमच्याकडं नळ आला. नळाला जात नाही, वाद मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

टाकी बांधली ती गावठाणातल्या उंचवट्यावर, देवळामागं. जागा तीच सोयीची. तिथून पाइप निघाला तो आळ्या ओलांडत, ओढ्यापलीकडं, शेवटी वस्तीवर. पाइपाच्या शेवटच्या टोकाला दाब राहत नाही. उन्हाळ्यात वस्तीवरच्या बायका मध्यरात्री उठून नळाखाली कळशी लावायच्या आणि बोटाएवढ्या धारेकडं बघत बसायच्या. यात कुणी कुणावर अन्याय केला? इंजिनिअरनं नकाशा पाहिला, उतार पाहिला, खर्च पाहिला. ग्रामपंचायतीनं सही केली. कुणाच्याही मनात विटाळ आला नसेल. जुन्या लोकांनी घरं कुठं बांधू दिली होती तेवढंच पाइपानं इमानानं पाळलं. डांबरी रस्त्याचंही तेच झालं, गटाराचं तेच, आणि स्मशानातल्या पत्र्याच्या शेडचंही तेच. जमिनीवर एकदा आखलेली रेघ चालवायला नंतर दुष्ट माणूस लागत नाही. कामाला नेमलेली साधी, घाईत असलेली माणसं पुरतात.

२०२०च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावं सुचवली. ते चांगलंच झालं. फॉर्मवर पत्ता लिहिताना एखाद्या मुलाची मान खाली जायची ती जाऊ नये. पण पाइप पाटी वाचत नाही.

पाण्याचं नुकसान त्यांचं झालं. आमचंही एक झालं, आणि ते आम्हाला कळलं नाही, हाही त्या नुकसानाचाच भाग. मी सोळा वर्षं त्या गावात काढली. आमच्या ओसरीवरून वस्तीतल्या चुलींचा धूर दिसायचा. तरी तिथल्या एकाही घरात मी पाऊल ठेवलं नाही. तिथं दिवा कुठल्या कोनाड्यात ठेवतात, जात्यावर काय गातात, लेकीला सासरी धाडताना कोण रडतं, काही ठाऊक नव्हतं. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते. एका रात्रीत वाचून काढलं. ते गाव माझं नव्हतं, नगर जिल्ह्यातलं होतं. तरी पान उलटताना वाटत होतं, आमच्याच गावाची मागची बाजू कुणीतरी पहिल्यांदा दाखवतंय. पायरीखाली उभं राहिलं की वाडा केवढा दिसतो, हे मला वाड्यात राहून कसं कळणार होतं? कुसाच्या आत राहणाऱ्याला अर्धंच गाव मिळतं, आणि तो त्यालाच गाव म्हणतो.

शहरात हे धुऊन जातं म्हणतात. येसकराचा मुलगा त्याच भरवशावर मुंबईला गेला असेल. त्याच्या आधीच्या पिढीला मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. त्या खात्यात पगार जास्त होता. पण धोट्यातली कांडी बदलली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. तोच धोटा मग दुसऱ्याच्या तोंडी जाणार. यंत्र विलायतेहून आलं, वाफेवर चाललं, आणि सुताच्या एका टोकाशी आमच्या गावचा विटाळ येऊन बसला. कूस गावी राहिलं होतं. माणसं मुंबईला येताना त्याचं माप तेवढं बरोबर घेऊन आली.

आता माप आणखी मऊ झालं आहे. आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. एकीजवळ 'कामगार व सामानासाठी' अशी पाटी आहे. वरकामाच्या बाईंचा कप कित्येक घरांत वेगळा असतो आणि त्याचं कारण विचारलं तर 'हायजीन' असं उत्तर येतं. भाड्यानं घर देताना पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून अंदाज आला नाही तर, "मूळ गाव कुठलं तुमचं?" तिथंही नाही उमगलं तर, "नॉनव्हेज खाता का हो?" विचारणारे सज्जन असतात, चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. घर मात्र दुसऱ्याला देतात. विचारले जाणारेही आता हे प्रश्न ओळखतात. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं पंचवीस वर्षं आडनावाऐवजी गावाचं नाव लावलं. निवृत्तीच्या दिवशी, समारंभ आटोपल्यावर, त्यानं मला खरं आडनाव सांगितलं. पंचवीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला माणूस. सांगतानाही आवाज खाली आणून बोलला. तो एवढी वर्षं माझ्याकडं बघून काय जोखत होता, ते मी त्याला विचारू शकले नाही.

मराठीत 'अंतर' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. दोन गोष्टींमधली मोकळी जागा म्हणजे अंतर, आणि माणसाचं मनही अंतरच. 'मला अंतर देऊ नकोस' म्हणतो तेव्हा आपण दुरावू नको अशी विनवणी करतो, आणि 'अंतरीची खूण' म्हणतो तेव्हा सगळ्यांत जवळचं काही दाखवत असतो. आजीच्या तांब्याचा काठ आणि येसकराची ओंजळ यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, ती एका अर्थातून दुसऱ्या अर्थात कधी गेली? बाहेर मोजता येत होती तोवर तिच्यावर ठराव करता आला, सत्याग्रह करता आला, निकाल मिळवता आला. कायद्याचा हात पोचला तिथपर्यंत ती बाहेर पुसली गेली. जी आत आली ती मनगटात येऊन बसली. तिथं ठराव पोचत नाही.

आठ दिवसांनी बेल वाजली. कचऱ्याच्या बाईंनी बाटली पुढं केली. घासून लख्ख केलेली, वरचा कागदही काढून टाकलेला.

"अहो, मी म्हटलं होतं ना, राहू द्या म्हणून."

"माझ्याकडं हाय की माझी. कशाला दुसऱ्याची वस्तू ठेवायची?" म्हणाल्या आणि पुढच्या दाराशी गेल्या.

बाटली हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. सिंकखाली ठेवावी तर आपणच आपल्याला पकडल्यासारखं होत होतं. फ्रिजच्या दारात, रोजच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवावी तर हात थबकत होता. शेवटी जेवणाच्या टेबलाच्या कडेला ठेवली. दोन दिवस ती तिथंच होती, ना आत ना बाहेर. आमच्या वाड्याची ती सातवी पायरीच म्हणा.

तिसऱ्या दिवशी नात शाळेतून आली, दप्तर खुर्चीवर टाकलं, समोर दिसली ती बाटली उचलली, माठातलं पाणी भरलं आणि तोंडाला लावली. मी तिच्या मागं उभी होते. शब्द बाहेर आला नाही, पण उजवा हात उचलला गेला. तिनं पिता पिता डोळे वर करून विचारलं, "काय गं आजी?"

"काही नाही," म्हटलं.

ती घटाघट पीत राहिली. हात मी लगेच खाली आणला नाही. कुठवर गेला होता ते एकदा नीट बघून घेतलं. खांद्याच्या जरा खाली होता. आजीच्या हातापेक्षा वीतभर कमी.